मागच्या खोलीचा रेडिएटर

भर जूनमध्ये, शारजात, घर गरम कसं ठेवावं यावर तासभर बोलणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी टिपणीस काका. बाहेर डांबर मऊ पडलेलं आणि हे आमच्या भिंतीवर तळहात ठेवून म्हणायचे, "अगं, इथून हीट लीक होते."

"होऊ दे की काका," मी म्हणायची. मग ते दुखावायचे.

वास्तविक काकांचा सगळा जन्म इमारती गार करण्यात गेला. दुबई मरीनातल्या निम्म्या टॉवरांचं एसीचं डिझाइन आपलं, असं ते सांगत. मी निम्म्याऐवजी पाव धरत असे. मंदी आली, टॉवर अर्धवट राहिले आणि कंपनीने काकांना 'खलास' केलं, म्हणजे नोकरीवरून काढलं. आता व्हिसा असेपर्यंतच मुक्काम. काकू आधीच गेलेल्या, त्यांच्या आजारपणात पुण्याचा फ्लॅटही विकलेला. आता जाणार कुठे, असं विचारलं की काका म्हणत, "इन्शाल्ला, बघू," आणि रेडिएटरवर येत.

त्यांची मुलगी नेहा इंग्लंडात, लीड्सला असते. तिकडे भिंतीला लोखंडी रेडिएटर लावतात, त्यातून गरम पाणी फिरतं आणि घर उबदार राहतं. तिचे गंजले होते. नवे कुठले घेऊ, असं तिने सहज विचारलं आणि पस्तावली. काकांनी खिडक्यांची मापं मागवली, पडद्यांचं कापड विचारलं, जावयाला मेणबत्ती घेऊन दारांच्या फटी तपासायला लावल्या. "बडा पॅनल, पानी कम गरम, गॅस की बचत," हे त्यांनी आमच्या मलबारी किराणावाल्यालाही समजावलं.

"साब, मेरा एसी बंद पडा है," तो बिचारा म्हणाला.

अखेर निवड ठरली. सगळीकडे मोठे पॅनल, फक्त मागच्या छोट्या खोलीत एक साइज लहान.

"तिथे का लहान?" मी विचारलं.

"माणसाच्या अंगातूनही हीट निघते. त्या खोलीत एक माणूस धरलाय मी."

"कोण?"

काका खिडक्यांची मापं पुन्हा तपासायला लागले. मला फार वाईट वाटलं. या माणसाला मुलीकडे राहायला येऊ का, एवढं विचारता येत नव्हतं.

संध्याकाळी मी भाजी द्यायला गेले तेव्हा नेहाचा फोन स्पीकरवर होता.

"पपा, ऑल गुड, पण मागच्या रूममध्ये स्मॉल का? देअर्स नोबडी इन देअर. आम्ही नुसत्या बॅगा ठेवतो."

"कोणीच नसतं?"

"नो, पपा. का?"

आपलं गणित चुकलं हे काकांनी कधी काकूंपुढेही मान्य केलं नव्हतं.

"काही नाही गं," ते म्हणाले. "माझंच चुकलं. तिथेही मोठाच घे."