गजभिये काकांची लाल पेन्सिल

लग्नाच्या स्टेजवर नवरदेवाचा हात हातात घेऊन गजभिये काकांनी शुभेच्छांऐवजी विचारलं, "नॉमिनी बदलवलं का? का अजून आईचंच नाव हाये?"

नवरदेव म्हणजे आमच्या ऑफिसातला राहुल. त्याच्या आईने हे ऐकलं आणि नव्या सूनबाईंनीही ऐकलं. कुरुदच्या त्या मंडपात पुढे त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. काका मात्र खाली उतरून निवांत गुलाबजाम खात बसले.

भिलाईतल्या आमच्या कंपनीत विमा विकत नाहीत. विमा कंपन्यांचे फॉर्म आणि क्लेम तपासून पुढे पाठवायचे, एवढंच काम. शेवटची तपासणी काकांची. फॉर्ममधला एखादा रकाना, काकांच्या शब्दात खाना, कोरा दिसला की त्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल, आणि फॉर्म परत. वर नेहमीचं वाक्य, "खाना रिकामा दिसून राहिला." पहिल्या वर्षी माझे इतके फॉर्म परत आले की मी लाल कुंकूसुद्धा लावेनाशी झाले.

नवीन कुणी आलं की काका त्याला या नोकरीचे फायदे-तोटे ऐकवतात. "फायदा असा, का ऑफिसात एसी हाये. तोटा असा, का तो मॅनेजरच्या खोलीत हाये." मग जरा थांबून, "फायदा, दुनियेत काय काय होऊ शकते ते समजते. तोटा, मंग दुनियेत फिरावंसं वाटत नाही."

यात थट्टा नाही. कुणाच्या स्कूटरवर बसायच्या आधी काका विम्याचा कागद मागतात. एकदा मी त्यांना घरी सोडते म्हणाले, तर माझी पॉलिसी दोनच दिवसांपूर्वी संपलेली निघाली. काका बसले तर नाहीतच, मलाही चालवू देईनात. मे महिन्याच्या उन्हात आम्ही दोघं स्कूटर ढकलत जुनवानीच्या चौकापर्यंत गेलो.

यंदा आमच्याच स्टाफच्या विम्याचे नवे फॉर्म गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फॉर्म गेला नाही तर विमा बंद. काकांचा फॉर्म हातात आला आणि पाहते तर नॉमिनीचा खाना कोरा! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. त्यांच्याच टेबलावरची लाल पेन्सिल उचलली, चांगला टपोरा गोल काढला आणि भर ऑफिसात ओरडले, "काका, खाना रिकामा दिसून राहिला!"

टाळ्या पडल्या. काका हसले नाहीत. "भरतो," एवढंच म्हणाले.

गुरुवारी खाना कोराच. शुक्रवारी दुपारीही कोराच. शेवटी मी त्यांची जुनी फाइल काढली. त्यातल्या जुन्या फॉर्मवर नाव होतं, 'शालिनी, पत्नी'. मी फॉर्म घेऊन त्यांच्याकडे गेले. "काका, काकूंचंच नाव लिहू ना?"

"ती जाऊन सहा साल झाले, बाई." त्यांनी चष्मा काढला. "साऱ्यायले बदलवायले लावलं. आपलं राहूच दिलं. जुन्या फॉर्मवर चालून जाये. आता नवीन भरा म्हनते, तं कोणाचं लिहू?"

काकांना मूलबाळ नाही. बोरसीला दोन खोल्यांत एकटे राहतात. हे मला माहीत होतं, पण काकू गावाकडे असतील असं धरून मी तो गोल काढला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पैशाचं काही नाही," काका म्हणाले. "पन उद्या मी गेलो, तं ऑफिसवाले फोन कोणाले लावतीन?"

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. मग तेच हळूच म्हणाले, "तुहं नाव लिही."

"आणि नातं?"

"पुतणी."

एका फॉर्मवर मामाच्या जागी मामेभाऊ लिहिलं म्हणून तो तीनदा परत पाठवणारा हा माणूस! "काका, मी कुठे तुमची पुतणी?"

"दिवसातून पन्नास बार काका म्हनते ना मले?"

"तपासणीत अडकेल."

"तपासते कोन?"

मी लिहिलं. काकांनी चष्मा लावला. माझं नाव एकदा वाचलं, नातं दोनदा वाचलं, आणि त्यापुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

"मोबाइल नंबर नीट लिही," फॉर्म परत देत म्हणाले, "अन् फोन आला तं उचलजो."