हातानं दुरुस्ती करायची न्हाय

आमच्या नळदुर्गातल्या शेजारच्या दत्ताअण्णांनी एकदा वरणात मीठ जास्त झालं म्हणून ताट बाजूला सारलं आणि कागद-पेन्सिल घेतली. त्यांची थोरली बहीण अक्का वरणात पाणी घालायला निघाली होती, तिला त्यांनी अडवलं. "वरण दुरुस्त करू नगं. आदी आकृती दुरुस्त करू, मग वरण परत कर."

"आरं दत्तू, म्या काय तुझ्या कंपूटरात वरण शिजविते व्हय?" म्हणत अक्कानं तांब्या ओतला.

दोष अण्णांचा नाही, नोकरीचा. घरी बसून ते एका अवाढव्य कंपनीचं सॉफ्टवेअर बनवतात. देशभरची गोदामं, माल, गाड्या, सगळं त्यात. पण प्रोग्राम ते लिहीत नाहीत. ते चौकटी आणि बाण काढतात, त्या आकृतीवरून प्रोग्राम यंत्रच लिहितं. यंत्रानं लिहिलेल्याला मात्र हात लावायचा नाही. चूक दिसली तर आकृती बदला, नाहीतर पुढच्या खेपेला यंत्र तीच चूक इमानदारीत पुन्हा लिहिणार.

हा नियम अण्णांच्या अंगात भिनलाय. एका लग्नपत्रिकेवर पेनानं बदललेली वेळ बघून ते भर मांडवात गरजले, "हातानं दुरुस्ती म्हंजी उद्याची बोंब!" ऐकणारा नवरीचा बाप होता. आम्हाला जेवण न करताच निघावं लागलं.

घराचीही आकृती होती. तिच्यावरून रोज सकाळी कामांची यादी छापून फ्रिजवर लागे. 'सहा वाजता अक्काचा चहा, साखर कमी. सात वाजता अक्काच्या गुडघ्यांना तेल.' अक्का साखर दुप्पट घालून घ्यायची. "बाण तुझा, च्या माझा!"

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेली. महिन्याभरानं मी सकाळीच अण्णांकडे डोकावलो. फ्रिजवर त्या दिवसाची यादी होती. अक्काच्या दोन्ही ओळी तशाच छापलेल्या आणि त्यांवर पेनानं रेघ मारलेली. टोपलीत आधीच्या याद्या पडल्या होत्या, त्यांवरही तशीच रेघ.

मला चेष्टा सुचली. "अण्णा, तुमी आन हातानं दुरुस्ती? आकृतीतली चौकटच काढून टाका की."

अण्णा चहा गाळत होते. पाठमोरेच म्हणाले, "मंग उद्या तिचं नाव छापून यायचं न्हाय."

मला माझीच लाज वाटली. त्यांनी कप पुढे केला. चहा गोडमिट्ट होता. मी तो संपवला आणि अजून अर्धा मागितला.