सत्तरपैकी सदुसष्ट

नववर्षाच्या पहिल्या सकाळी गुआन देफू पांढरे हातमोजे घालून टेबलाशी उभा होता आणि टेबलावरची प्लास्टिकची डबी रिकामी होती. डबीतली छोटी पिशवीही रिकामी होती. पिशवीतल्या पुठ्ठ्याच्या चौकटीला मधोमध गोल भोक होतं, त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"शिउफन," त्याने हाक मारली. आवाज शांत होता. घराला आग लागल्यावर पहिली हाक माणूस जितक्या शांतपणे मारतो, तितका.

"काय?" स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

"इथलं नाणं?"

"ज्याओझात घातलं."

आता ज्याओझात नाणं घालण्यात गैर काहीच नव्हतं. शेनयांगमध्ये वर्षाच्या पहिल्या सकाळी ढीगभर ज्याओझ, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या करंज्या, उकडतात आणि त्यातल्या एकाच पारीत सारणाबरोबर एक नाणं मिटलेलं असतं. ज्याच्या दाताखाली ते येईल त्याचं वर्ष सोन्याचं. या कामाला जुनं पाच फनचं चिल्लर नाणं सगळ्यांत बरं पडतं. ॲल्युमिनियमचं, हलकं, गंजत नाही. दुकानात त्याला आता कुणी विचारत नाही, पण घरोघरी चहाच्या डब्यात एखादं पाच फन एवढ्यासाठी राखून ठेवलेलं असतं. गुआनच्या घरातलं यंदा सापडत नव्हतं.

"पण टेबलावरचंच का? खणात पाच फनची चारशे नाणी पडलीत!"

"ती मळकी. कुणाकुणाचे हात लागलेत त्यांना. माझ्या आईच्या तोंडात जायचंय ते. आणि लाओ गुआन, तूच म्हणाला होतास ना, चाळीस वर्षांत या नाण्याला एकाही माणसाचा हात लागलेला नाही म्हणून?"

"म्हणालो होतो."

"मग? घरातलं सगळ्यात स्वच्छ नाणं तेच. तरी मी साबणाने धुतलं."

गुआन हातमोज्यांसकट खाली बसला.

ते नाणं एकोणीसशे एक्याऐंशी सालचं होतं. त्या सालचं पाच फन बाजारात कधी आलंच नाही, फक्त भेटीच्या संचांत आलं. अशा पाच दुर्मीळ फन नाण्यांना हौशी लोक 'पाच स्वर्गीय राजे' म्हणतात. गुआन पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचा आणि उरलेल्या वेळात राजे गोळा करायचा. चार राजे त्याच्याकडे होते. बीजिंगच्या एका संस्थेत पाठवून, तपासून, काचेसारख्या सीलबंद पेटीत बसवून आणलेले. ही संस्था नाण्यांना सत्तरपैकी गुण देते. चारही राजांना सदुसष्ट मिळाले होते. पाचवा राजा मिळायला चौदा वर्षं गेली. सुट्टी संपली की तोही बीजिंगला जायचा होता, आणि पाचही सदुसष्ट असलेला संच अख्ख्या शेनयांगात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. त्यासाठीच तर तो सकाळी सकाळी मोजे घालून राजाचा फोटो काढायला आला होता.

त्याने दार लावून घेतलं आणि नाणेबाजारातल्या लाओ शानला फोन लावला. लाओ शान भिंगाशिवाय गुण सांगायचा आणि सहसा एकाने चुकायचा.

"नवं वर्ष भरभराटीचं जावो. लाओ शान, एका मित्राचं नाणं आहे. अनटच्ड. समजा, साबण लागला त्याला."

"मित्राचं?"

"मित्राचं."

"चोळला की नुसता लागला?"

"बायको आहे, चोळलाच असेल."

"मग त्रेसष्ट धर."

"आणि समजा, नंतर कालपासून ते बाल्कनीत उणे बावीसमध्ये, डुकराचं मटण आणि आंबवलेल्या कोबीच्या सारणात आहे."



"मित्राला म्हणावं," लाओ शान हळू आवाजात म्हणाला, "उकळू देऊ नकोस. ॲल्युमिनियम काळवंडतं."

गुआन धावत बाल्कनीत गेला. परातीत नव्वद ज्याओझ दगडासारखे गोठून ओळीने बसले होते. सगळे सारखे. शिउफनची घडी घालायची पद्धत इतकी नेटकी, की आत राजा आहे की कोबी हे बाहेरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. त्याने चुंबक फिरवला. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही हे त्याला तीस वर्षं माहीत होतं. तरी फिरवला. मग त्याने नाणी तोलायचा बारका काटा आणला आणि एकेक ज्याओझ त्यावर ठेवू लागला. नाण्याचं वजन दीड ग्रॅम आणि वर थोडंसं. शिउफनचा सारण भरायचा हात मात्र कधी चार ग्रॅम इकडे, कधी पाच ग्रॅम तिकडे. सतराव्या ज्याओझावर त्याने हार मानली.

"एकेक फोडून बघू का?" त्याने विचारलं.

"थू थू थू!" शिउफन बाल्कनीच्या दारात उभी होती. "पहिल्या दिवशी तोंडातून काय शब्द काढतोस! आणि आई बाहेर बसलीय."

नववर्षाच्या ज्याओझाला 'फुटला' म्हणायचं नसतं. उकळताना एखादी पारी उकललीच, तर सगळ्यांनी हसून 'कमावलं!' म्हणायचं. हे आठवलं आणि गुआनच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आज मी उकडतो," तो म्हणाला.

एकोणतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य शिउफनने पहिल्यांदाच ऐकलं. ती गहिवरून बाजूला झाली. गुआनने पातेल्यात ज्याओझ सोडले आणि झाऱ्याच्या कडेने एकेकाच्या पोटात खुपसायला सुरुवात केली.

"कमावलं!" तो ओरडला. "कमावलं! हेही कमावलं!"

"अग बाई," बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "यंदा जावई फारच कमावतोय."

बाराव्या कमाईला शिउफनने त्याच्या हातातून झारा काढून घेतला. पातेल्यात कोबीचं सूप झालं होतं. नाणं नव्हतं.

उरला एकच उपाय. खाणं. गुआन एरवी वीस ज्याओझांत आडवा व्हायचा. त्या दिवशी त्याने चाळीस ओलांडले. चावायचा नाही, जिभेने चाचपायचा, मग गिळायचा. राजाला दाताचा ओरखडा नको. तो मनातल्या मनात हिशोब करत होता: साबण त्रेसष्ट, उकळ एकसष्ट. साठलाही नाणं इभ्रतीत राहतं.

"देफू, सावकाश रे," सासूबाई म्हणाल्या. "शिउफन, याला एरवी जेवायला घालतेस ना?"

सत्तेचाळिसावा ज्याओझ त्याच्या घशात असताना टेबलाच्या पलीकडे 'कट्' असा आवाज झाला.

सासूबाईंनी तोंडात बोटं घातली आणि कवळीच्या दोन दातांमधून राजा बाहेर काढला. करडा पडलेला, वर कोबीचा एक तंतू. त्यांनी तो चष्म्यासमोर धरला आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. गेलं वर्ष त्यांना वाईट गेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं, पाच महिने अंथरुणात काढले, आणि ज्याओझातलं नाणं तर बावीस वर्षांत एकदाही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

"अगं, यावर साल बघ! एक्याऐंशी!" त्या म्हणाल्या. "आणि नव्या वर्षाबरोबर मला आजच एक्याऐंशी लागलं! हे माझ्याच नावाचं होतं बघ!"

गुआनने घशातला ज्याओझ गिळला.

"मा," तो म्हणाला, "तुम्हाला याच्याऐवजी चांदीचं देऊ? जुनं, चांगलं जाडजूड."

"चांदीचं ज्याओझातून निघालं का?"

"नाही, पण—"

"मग त्याचं मी काय करू?"

त्यांनी राजा पदराला पुसावा तसा जाकिटाच्या बाहीला खसाखसा पुसला. एकोणसाठ, गुआनने मनात नोंद केली. मग तो त्यांनी लाल कापडी पिशवीत, घराच्या किल्ल्यांच्या जोडीला टाकला. सत्तावन्न.

ज्याला नाणं सापडलं त्याने ते वर्षभर जवळ ठेवायचं असतं. दिलं तर नशीबही गेलं. त्यामुळे मागायची सोय नव्हती. बदलायचीही नव्हती. खणातल्या चारशे नाण्यांत एक्याऐंशी सालचं एकही नव्हतं, असतं तर गुआनने चौदा वर्षं कशाला घालवली असती? तरी दुसऱ्या दिवशी तो संत्री घेऊन सासूबाईंकडे गेला. तिसऱ्या दिवशी खजूर घेऊन. चौथ्या दिवशी त्याने त्यांच्या बाथरूमचा गळका नळ दुरुस्त केला, पाचव्या दिवशी त्यांचे पाय शेकायला गरम पाणी भरून दिलं. रोज निघताना सहज विचारल्यासारखं विचारायचा, "नाणं बरं आहे ना?" रोज सासूबाई ते पिशवीतून काढून दाखवायच्या आणि रोज तो एक गुण कमी करायचा.

सहाव्या दिवशी सासूबाईंनी मुलीला फोन केला.

"शिउफन, खरं सांग. देफूला काय झालंय?"

"काय होणार?"

"रोज येतो. संत्र्याच्या फोडींची सालं काढून देतो. काल माझे पाय धुतले. नाण्याकडे बघतो आणि डोळ्यांत पाणी आणतो. डॉक्टरांनी किती दिवस दिलेत त्याला?"

"त्याला कसला रोग!" शिउफन म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मग तिने पाच राजांपासून झाऱ्यापर्यंत सगळं सांगितलं.

इकडे गुआनला यातलं काही ठाऊक नव्हतं. सातव्या दिवशी तो मन घट्ट करून निघाला होता. आज सरळ मागायचं. जिना चढताना त्याला वरून आवाज ऐकू आला. सासूबाई कुबडीशिवाय, कठड्याला धरून उभ्या होत्या आणि शेजारच्या दोन बायकांना नाणं दाखवत होत्या.

"एक्याऐंशी! वाच की! पडल्यापासून मी या जिन्यात एकटीने पाऊल टाकलं नव्हतं. आज दोन वेळा उतरले. ब्याऐंशीपर्यंत तर मला कुणी हात लावत नाही."

गुआन तिसऱ्या पायरीवर थांबला. तिथे त्याने बराच विचार केला. चौदा वर्षं, चार पेट्या, पाचवी मोकळी जागा. मग तो वर गेला.

"मा, नाणं फार शोभतं तुमच्याकडे," तो म्हणाला.

"तुला नको?" सासूबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मला? मला काय करायचंय. पाच फनचं तर नाणं." आणि हे बोलताना आपल्याला वाटलं होतं तितका त्रास होत नाही, याचं त्याला जरा आश्चर्यच वाटलं. त्या दिवशी त्याने संत्र्याची सालं निव्वळ प्रेमाने काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. सासूबाई एकट्या, बसने आल्या होत्या. बूट काढायच्या आधी त्यांनी लाल पिशवी गुआनच्या हातात ठेवली.

"शिउफनने सगळं सांगितलंय मला. वेड्या, तोंड नाही तुला? बीजिंगला परीक्षेला पाठवायचंय म्हणे."

"मा, पण नशीब—"

"नशीब मी चावलं तेव्हाच माझ्या पोटात गेलं. आता उरलंय ते नुसतं टरफल. ते तू घे."

त्याने पिशवी उघडली आणि डोळे मिटले. पुन्हा उघडले. आतलं नाणं आरशासारखं लखलखत होतं. त्यात त्याला स्वतःचं नाक दिसलं.

"अशा काळवंडलेल्या अवतारात परीक्षेला कुणी पाठवतं का?" सासूबाई म्हणाल्या. "काल दुपारभर बसले होते. आधी टूथपेस्ट आणि ब्रश, मग राख, मग लोकरीचं फडकं. बघ कसं झालंय!"

गव्हाच्या ओंब्यांचे दाणे नाहीसे झाले होते. एक्याऐंशीतला आठ खुर्चीतून घसरल्यासारखा एकावर रेलला होता. गुआनने मनात आकडा लावायचा प्रयत्न केला, पण आकडे संपले होते.

"आवडलं नाही?"

शिउफन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"मा," गुआन म्हणाला, "इतकं चकचकीत पाच फन मी जन्मात पाहिलं नाही."

यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

"मग पाठव. माझ्यासमोर पाठव."

त्याने त्यांच्यासमोर फॉर्म भरला, त्यांच्यासमोर पाकीट चिकटवलं आणि त्यांना हाताला धरून पोस्टात घेऊन गेला. लाओ शानला त्याने फक्त एवढंच कळवलं, की मित्राचं नाणं देवाघरी गेलं. लाओ शानने मित्राबद्दल दुःख व्यक्त केलं.

दीड महिन्याने बीजिंगहून पेटी परत आली. आत राजा झगमगत होता आणि पट्टीवर गुणांच्या जागी तीन शब्द होते: 'अस्सल. घासलेले. गुणविरहित.' गुआनने चार राजांच्या रांगेत पाचवी पेटी ठेवली. चार राजे तिच्या उजेडात जरा पारोसे दिसत होते. तो बघत उभा असतानाच फोन वाजला.

"आला का निकाल?" सासूबाईंनी विचारलं. "किती मिळाले?"

"मा, त्यांच्याकडे गुण असतात सत्तरपर्यंत."

"बरं. मग?"

"हे त्यांच्या मापात बसेना. त्यांनी हात टेकले. आकडाच घातला नाही."

मग सासूबाईंनी समाधानाचा मोठा उसासा टाकला.

"वाटलंच मला! अख्खी ट्यूब घातली होती मी त्यात. तुझ्या बाकीच्या चारांना किती आहेत म्हणालास?"

"सदुसष्ट, मा."

"सदुसष्टच?" त्या कळवळल्या. "अरेरे. रविवारी घेऊन ये रे सगळी. तीही करून देते."

गुआनने फोन तसाच कानाशी धरला, तोंडाने "हो मा, हो मा" म्हणत राहिला, आणि मोकळ्या हाताने कपाटाला कुलूप लावून किल्ली पायमोज्यात टाकली.