हमालीचा रकाना

सदाने अंदाजपत्रक नव्या पैशांत केलं होतं आणि त्याचे वडील भागोजी अजून आण्यांतच राहत होते. त्यामुळे नऊ देशांचा पायी प्रवास पहिला अर्धा तास उरणच्या पुढे सरकलाच नाही.

"दीड रुपया रोज म्हंजी चोवीस आने," भागोजी म्हणाले. "मंग हितं दीडशे काय लिवलंय?"

"दीडशे नवे पैसे, बाबा. दोन वर्सं झाली त्यांना येऊन."

"आली असतील. माज्याकडं कुनी आलं न्हाय."

सदा मिठागरावर वजनकाट्याचा कारकून होता. गोणी उचलायच्या आधीच तिचं वजन सांगणारा मुलगा; पण दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्या दोन मित्रांनी त्याच्या डोक्यात जग घातलं आणि ते काही केल्या बाहेर निघेना. बसऱ्यापर्यंत बोटीच्या डेकवरून जायचं, पुढे पाठीवर पिशवी घेऊन चालत इराक, तुर्कस्तान, ग्रीस करत थेट विलायत गाठायची. प्रत्येकाचा वाटा बाराशे रुपये. सदाच्या वहीत प्रत्येक देशाला एक पान होतं. जेवण, निजणं, चपलांना टाके, औषध, टपाल असे रकाने आखलेले. पिशवीचं वजन चौदा शेर, त्यावर एक तोळा नाही.

बाराशे रुपये भागोजींच्या ट्रंकेत होते. सदाच्या लग्नाचे म्हणून ठेवलेले. तेवढ्यावर सदाचं सगळं जग अडलं होतं.

भागोजी वाईट माणूस नव्हते. मिठागरवाला माणूस पाणी आधी तोंडात घेऊन बघतो, मग खाचरात सोडतो, तसं त्यांनी केलं. "धा दिस आपल्याच जिल्ह्यात चालून दाव," ते म्हणाले. "तुज्या हिशेबानं पंधरा रुपये घे. पंधराच्या आत परत आलास तर ट्रंकेची चावी तुजी. न्हाय तर ह्या सालात लगीन."

सदा लगेच कबूल झाला. पंधरा रुपयांत तो पंधरा दिवस काढणार होता. त्याने नकाशावर रेघही मारली. पेणच्या पलीकडचं मावशीचं गाव म्हणजे इराक, आत्याचं पाली म्हणजे तुर्कस्तान आणि मामाचं तळा म्हणजे ग्रीस.

चूक झाली ती इथे. नकाशा आईच्या नजरेस पडला. सोनाबाईला वाचता येत नव्हतं, पण रेघ कुठून कुठे गेलीय हे तिला बरोबर कळलं.

"रंगूकडं जानार तू? आन् दादूकडं? मंग मोकल्या हातानं जाशील व्हय?"

"आये, चौदा शेराच्या वर न्यायचं न्हाय."

"मी कुटं शेर देतंय? डबं देतंय."

तिने जर्मलचे तीन डबे भरले. वर सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, खाली आपल्याच मिठागराचं मीठ, तोंडाला फडकं. सदाने मनात हिशेब केला. दर मुक्कामाला एक डबा मोकळा होईल, म्हणजे पिशवी हलकीच होत जाणार. तो वजनकाट्यावरचा कारकून असल्याने असं वाटणं साहजिक होतं.

भातं झोडून झाली होती, मिठागरं अजून सुरू व्हायची होती. मार्गशीर्षातल्या गार सकाळी सदा निघाला. दोन रात्री देवळात झोपला, चुरमुरे खाल्ले, आणि दोन दिवसांचे मिळून एक रुपया अडतीस नवे पैसे वहीत मांडले. तीन रुपयांची सोय असताना दीडदेखील नाही. तिसऱ्या दिवशी तो शीळ घालत इराकमध्ये शिरला.

रंगूमावशीने त्याला पोटाशी धरलं, डबा उघडून सोड्यांचा वास घेतला, डोळे पुसले आणि डबा आत नेला. सकाळी तो सदासमोर आला तेव्हा कडव्या वालांनी काठोकाठ भरला होता.

"मावशी, डबा मोकला दे. मला अजून लांब जायचंय."

"सोनीचा डबा मोकला देऊ? लोकं काय म्हनतील?" मावशी म्हणाली. "डबा बारका हाय म्हनून पोहे गाठोड्यात बांधलेत. आन् ह्यो भोपला. मलाच लाज वाटतेय, येवढंच हाय घरात."

दारात मावशीची चार नातवंडं ओळीने उभी राहिली. पाहुण्याने निघताना पोरांच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं आणि वहीत त्याला रकाना नव्हता. चार पावल्या गेल्या, म्हणजे आख्खा रुपया. फर्लांगभर चालल्यावर सदा भोपळ्यासकट खाली बसला. गावातल्या एका माणसाने दोन रुपयांवर ओझं पालीला पोचवायचं कबूल केलं. सदाने 'इतर' असा नवा रकाना आखला.

पालीला आत्याच्या घरी पोचेपर्यंत त्याने युक्ती योजून ठेवली होती. भोपळा आणि पोहे आत्यालाच देऊन टाकायचे.

"हे तुला, आत्या."

मनुबाईआत्याने भोपळा उचलून पाहिला. "आईनं धाडला?"

सदा खोटं बोलायला शिकला नव्हता. "न्हाय, रंगूमावशीनं दिला."

आत्याचा चेहरा बदलला. भावाच्या बायकोची बहीण एवढा भोपळा देते आणि सख्ख्या आत्याने मागे राहायचं? तिने आत जाऊन काय काय केलं ते सदाला सकाळी कळलं. सोड्यांच्या डब्यात आवळ्याचा मुरांबा. भोपळ्याबद्दल तांदूळ, अर्धा मण. पोह्यांबद्दल दोन कोंबड्या, पाय बांधलेल्या. वर भोपळाही परत, कारण "दिलेलं कुनी ठेवून घेतं व्हय?"

"आत्या, मला चालत जायचंय गं."

"मंग चाल की. कोन नको म्हनतंय? वझं गाडीत जाईल."

आत्याकडे पाच पोरं होती. सव्वा रुपया. रघू नावाचा गाडीवान सहा रुपयांवर तळा गावापर्यंत यायला तयार झाला. गाडीमागून सदा चालू लागला, कारण चालणं ही अट होती. रघूला ते काही समजेना.

"मालक, गाडी भाड्यानं घेतलीत आन् मागनं चालता?"

"मी पायी प्रवास करतोय."

रघूने बैलांकडे पाहिलं. "ते पन," तो म्हणाला. "पन ते कुनाला सांगत न्हाईत."

रात्री दोघांनी मिळून विचार केला. लोक देतात, कारण आधीच्यांनी दिलेलं दिसतं. दिसलंच नाही तर? तळा गावाच्या बाहेर वडाखाली रघूने गाडी सोडली, तांदूळ, वाल, कोंबड्या, भोपळा सगळं गवताखाली झाकलं आणि सदा एक डबा हातात घेऊन, धुळीने माखलेला, मामाच्या दारात उभा राहिला.

दादूमामाने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. चपलेचा तुटका अंगठा पाहिला. डबा पाहिला. मग तो मामीला म्हणाला, हळूच, पण सदाला ऐकू येईल असं, "सोनीच्या घरचं काय बरं दिसत न्हाय. पोरगं उरनवरनं चालत आलंय. यष्टीला पैसं न्हाईत."

"तसं न्हाय, मामा. मुद्दाम चाललो मी."

"व्हय व्हय," मामा मायेने म्हणाला. "मुद्दामच. मी इचारलं का?"

त्या रात्री मामाच्या घरात कोणी पोटभर जेवलं नाही. सकाळी मामाने गाभण शेळी दारात आणून बांधली. "हिच्या दुधावर घर उभं ऱ्हाईल. आन् सोनीला सांग, भाऊ हाय अजून." मामाचे डोळे भरले होते. त्या डोळ्यांचं वजन काट्यावरच्या कारकुनालाही सांगता येत नाही. सदाने शेळीची दोरी हातात घेतली. डब्यात कुळीथ होते.

दहाव्या दिवशी संध्याकाळी गाडी दाराशी लागली. सदा गाडीत बसला होता, कारण शेळीला कोणीतरी धरायला हवं होतं. खिशात अडतीस नवे पैसे उरले होते, आणि गाडीचं परतीचं भाडं सोळा रुपये भागोजींनी उभ्याउभ्या दिलं. बैलांचा चारा आणि रघूच्या विड्या धरून एकूण तीस रुपये बासष्ट नवे पैसे.

"पंधराचे तीस," भागोजी म्हणाले. तेवढं गणित दोन्ही चलनांत सारखंच येत होतं.

सदाने नकाशा भिंतीवरून काढला आणि गुंडाळून ठेवला. सोनाबाई मात्र मधोमध बसून एकेक डबा उघडत होती. दादूचे केस पिकले का? रंगूचा गुडघा अजून दुखतो का? अकरा वर्षं तिने माहेरचं कोणी पाहिलं नव्हतं. सदा सांगत गेला, आधी तुटक, मग रंगात येऊन. मुरांब्याच्या डब्याशी भागोजी जरा जवळ सरकले.

"मनूनं घातला?"

"व्हय. तुमास्नी आवडतो म्हनाली. गाडी दिसंनाशी होईस्तवर रस्त्यात उभी व्हती."

भागोजींनी एक फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ गिळली नाही.

दोन दिवस ते वही घेऊन बसले. मिठागराच्या बांधावर, जेवताना, पानात चुना लावताना. तिसऱ्या दिवशी त्यांनी सदाला हाक मारली.

"हितं बघ. देवलात निजलास ते दोन दिस खर्च किती? दीडपन न्हाय. बाकीचं समदं हमाली आन् पोरांच्या हातावर. म्हंजी खर्च नातेवाइकांचा हाय, प्रवासाचा न्हाय."

"व्हय, बाबा."

"तिकडं नऊ देशांत आपलं कुनी हाय?"

"कुनी न्हाय."

"मंग तुजा हिशेब बरोबर हाय," भागोजी म्हणाले आणि चावी त्याच्या पुढ्यात टाकली.

सदाने वहीत 'हमाली' असा रकाना आखला आणि इमानदारीने त्यात लिहिलं, 'परदेशात लागू नाही.' ते पान भागोजींनी फाडून स्वतःजवळ ठेवलं.

सोनाबाईला चावीचं दुःख नव्हतं. 'कुनी न्हाय' हे तिला सोसेना. एवढं जग, आणि त्यात आपलं कोणी नाही, म्हणजे पोराला जेवलास का म्हणून विचारणार कोण? होळी झाल्यावर सदा निघाला त्या सकाळी तिने जर्मलचा एक डबा, मिठाने भरलेला, कांबळीच्या घडीत दडवला. पिशवी चौदा शेर होती, ती पंधरा झाली. सदाला उचलताक्षणी कळलं. त्याने आईकडे पाहिलं. आई शेळीकडे पाहत होती, आणि शेळीला दोन करडं झाली होती.

वैशाखात हवाई पत्र आलं. भागोजींनी चष्मा पुसला आणि ओसरीवर मोठ्याने वाचायला घेतलं.

"'ती. बाबांस आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार. बसऱ्यापासून चार दिवस चालून आम्ही तिघे एका गावात आलो. एका म्हातारीने रात्री निजायला जागा दिली. भाषा कळेना, म्हणून तिला आईचा डबा दिला. तिने मीठ चाखलं आणि मडक्यात ओतून घेतलं. सकाळी डबा खजुराने भरून दिला. मी मोकळा मागितला, तर रागावली. डबा लहान म्हणून एक गोणीही दिली.'"

भागोजी थांबले. त्यांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. सोनाबाई हातातलं सूप तसंच धरून बसली होती.

"'गोणी घेऊन पुढच्या गावी गेलो. तिथे त्या म्हातारीची नणंद राहते. तिने खजूर कोणी दिला म्हणून विचारलं आणि मी खरं सांगितलं. त्यामुळे आम्हाला एक गाढव विकत घ्यावं लागलं आहे. बाकी प्रकृती उत्तम.'"

भागोजींनी कनवटीची पिशवी सोडून घडी घातलेलं ते पान काढलं, मांडीवर सरळ केलं आणि 'लागू नाही' या शब्दांवर एक बारीक रेघ मारली.

"कुनी न्हाय म्हनला व्हता," ते म्हणाले.

सोनाबाईने सूप खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं.

"ते पत्र परत वाचा," ती म्हणाली. "ननंदेनं काय काय दिलं, ते लिवलंच न्हाय त्यानं."