अर्ध्या पेरूचा टॅग

जगात कुठलीच गोष्ट हरवत नाही, तिला शोधता येईल असं नाव दिलेलं नसतं, एवढंच. या तत्त्वावर निशाच्या कंपनीत टॅग समिती स्थापन झाली. प्रोग्रामरांनी लिहून ठेवलेली तयार सॉफ्टवेअर पॅकेजं शोधून कुणाला सापडत नव्हती. म्हणून ज्याने त्याने आपल्या पॅकेजला पाच टॅग, म्हणजे शोधायचे शब्द, लावावेत, असा ठराव झाला. सर्वांनी सचोटीने लावले: हलकं, वेगवान, विश्वासार्ह, सोपं, उत्तम. (तारखा मोजणाऱ्या पॅकेजला 'तारीख' हा टॅग लागला नाही; जागा उरली नव्हती.)

त्या रविवारी निशाने हे वडिलांना सांगितलं. मोतीराम अंगणात पेपर वाचत होते, म्हणजे पेपरातल्या माणसांशी भांडत होते.

"'उत्तम' म्हणून शोधलं तर काय येतं गं?"

"सगळंच येतं, बाबा."

"मंग 'खरंच उत्तम' असा एक ठेवा की. हाय काय त्यात."

ही चेष्टा होती. निशाने ती समितीपुढे मांडली आणि ती एकमताने मंजूर झाली. आठवड्यात शंभर टक्के पॅकेजं खरंच उत्तम झाली. (एक चालतच नव्हतं, त्याला तो टॅग दोनदा लावला होता.) बाबांना हे सांगून हसवावं म्हणून तिने घरी फोन लावला. तो सुलेखाआत्याने उचलला. मोतीराम पेपर वाचता वाचता गेले होते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्रिशरण-पंचशील झालं आणि लोक एकेक करून बोलायला उठले. मोतीराम मनमिळाऊ होते, हसतमुख होते, कष्टाळू, परोपकारी, कुटुंबवत्सल होते. बरोबर पाच, आणि तेही समितीशिवाय. मागे करमाडचे मामा गेले तेव्हा त्यांनाही हेच पाच लागले होते, आणि त्यांच्याशी सख्खा भाऊ बोलत नव्हता. दूधवाले सखाराम तर डोळे पुसत म्हणाले, "काका कधी कुणाला उणं बोलले नाय." (दुधातल्या पाण्यावरून मोतीराम त्यांना रोज सकाळी बोलत.)

निशाने हिशेब केला. या पाच टॅगांवर शोधलं तर गावातले झाडून सगळे मेलेले येतील. त्या गर्दीत बाबा कसे सापडणार? ती उठली.

"बाबा हसतमुख नव्हते. पेरू गोड निघाला नाही म्हणून अर्धा खाल्लेला पेरू परत द्यायला ते औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले होते. जाता-येता रिक्षा करून. मी सोबत होते. ओळख नसल्यासारखी लांब उभी होते." ती फोटोकडे वळली. समोरच्या फोटोतले मोतीराम फोटोग्राफरवर चिडलेले होते. "बाबा, पेरू खरंच बेचव होता. मी तुमच्याच बाजूची होते."

आभार मानताना राजकुमारकाकांनी सांभाळून घेतलं. "मोतीराम," ते म्हणाले, "खरंच मनमिळाऊ होते."

वाचकांनी निर्धास्त असावं. त्यांचेही पाच टॅग तयार आहेत. सापडायचं असेल, तर आपल्या पेरूच्या वेळी लांब कोण उभं होतं, तेवढं बघून ठेवावं.