परीक्षेचं अस्वल आणि बारावा प्रश्न

मुलांनो, मांडी घालून बसा. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांनी नुसतं बसा, पण चुळबुळ नको.

एका जंगलात एक मेडिकल कॉलेज होतं. कॉलेज म्हटलं की परीक्षा आली आणि परीक्षा म्हटली की उजळणी आली. त्या आठवड्यात मनोविकारांची उजळणी चालली होती. जंगलात एवढे मनोविकार होते का, असं विचारू नका. परीक्षेपुरते होते.

हा विषय बगळे सर शिकवत. एका पायावर उभं राहून, डोळे मिटून. विद्यार्थ्यांना वाटे, सर विचार करतायत. सरांनाही तसंच वाटे.

"उदासीनतेचा आजार कधी म्हणायचा?"

"नऊपैकी पाच लक्षणं, निदान दोन आठवडे," खार म्हणे. खार वर्गात पहिली. तिच्या पंजाला बोटं चारच आणि दुसऱ्या पंजात कायम पेन, म्हणून पाचवं लक्षण ती शेपटीवर मोजायची.

"लिथियम कधी?"

"कधी आनंदाला ऊत, कधी सगळा अंधार, अशा आजारात. रक्त तपासत राहायचं आणि पाणी भरपूर प्यायला सांगायचं."

"आणि कायदा?"

"प्रत्येक प्राण्याला स्वतःचा निर्णय घेता येतो, असं आधी धरून चालायचं. कुणालाही साखळीने बांधायचं नाही. आपल्या मर्जीने दाखल व्हायचं असेल तर कलम शहाऐंशी."

"वा," म्हणून सर पाय बदलत.

शेवटच्या बाकावर साळू नावाची सायाळ बसे. काट्यांमुळे शेजारी कुणी नसे. सकाळी पाठ केलेलं दुपारपर्यंत तिच्या डोक्यातून उडून जाई. ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली, तर तिला धाकट्या बहिणीच्या वर्गात बसावं लागणार होतं. बहिणीने बाकावर जागा धरूनही ठेवली होती.

आता परीक्षेला पेशंट लागतो. उदासीनतेचा पेशंट या कॉलेजात ठरलेला होता. अस्वल, केसूकाका. आठ वर्षांपूर्वी त्यांना हा आजार खरोखर झाला होता. गोळ्यांनी ते बरेही झाले. पण इतका नमुनेदार पेशंट कोण सोडतो? दर परीक्षेला त्यांना बोलावणं जाई. काकू बरोबर येत आणि जांभळीखाली बसून राहत. काका इतके तयार झाले होते की कुणी अडलं तर हळूच सांगत, "पोरा, भूक विचारायची राहिली बघ." विद्यार्थी त्यांच्यापुढे मधाचं पोळं ठेवत. परीक्षेआधी नैवेद्य दोघांनाच, देवाला आणि केसूकाकांना.

पेशंटला विचारायचे प्रश्न पंधरा. अकरावा प्रश्न असा, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" काकांचं त्यावरचं उत्तर ठरलेलं होतं, "नाही." कारण 'हो' म्हटलं की केस अवघड होते आणि अवघड केस पुढच्या वर्षाच्या अभ्यासक्रमात होती.

यंदा परीक्षेच्या दिवशी काका एकटेच आले. जांभळीखाली कुणी नव्हतं. काकू चैत्रात गेल्या होत्या. हे कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण पंधरा प्रश्नांत तो प्रश्न नव्हता.

"झोप?" खारीने विचारलं.

"येत नाही."

"भूक?"

"लागत नाही."

सगळं अगदी दरवर्षीसारखं. बगळे सर खूश झाले. म्हणाले, "काका, यंदा काय सुरेख सांगताय." अकराव्या प्रश्नाला काका "नाही" म्हणेपर्यंत खार बाराव्यावर पोचली होती. मधाच्या पोळ्याला त्यांनी हात लावला नव्हता. खारीने त्याचीही नोंद घेतली, 'भूक मंद', आणि एक मार्क जास्त मिळवला.

खारीनंतर बरेच जण येऊन गेले. सगळ्यात शेवटी साळू आली. दहा प्रश्न नीट झाले. तिने अकरावा विचारला. काका म्हणाले, "नाही."

आणि साळूला बारावा प्रश्न आठवेना.

तिने छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. छे. काका सांगतील म्हणून त्यांच्याकडे पाहिलं. काका यंदा सांगत नव्हते. मग काय करणार बिचारी? त्यांच्या तोंडाकडे बघत गप्प बसून राहिली.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "वाटतं."

"काय वाटतं, काका?"

"अकराव्याचं उत्तर सांगतोय. काकू गेल्यापासून रोज वाटतं. सकाळपासून वीस जणांनी विचारलं. पण पुढचा प्रश्न इतक्या लगेच येतो गं पोरी, की खरं बोलायला सवडच होत नाही."

साळूने कागद बाजूला ठेवला. काटे अंगालगत मिटून घेतले आणि ती त्यांच्याजवळ सरकून बसली. काका काकूंबद्दल बोलत राहिले, ती ऐकत राहिली. तिला दुसरं काही येतही नव्हतं.

घंटा झाली. बगळे सर आले.

"निदान सांग."

"सर, काकांना आत्ता वॉर्डात न्यायला हवं. त्यांना एकटं सोडायचं नाही."

"ते नंतर. लिथियमचे दुष्परिणाम सांग."

"सर, काका खरंच आजारी आहेत."

सरांनी एक डोळा उघडला. "परीक्षेचा पेशंट आजारी नसतो, परीक्षेचा असतो. आणि असं कुणालाही उचलून दाखल करता येत नाही. कायदा आहे. दाखल करशील ते कुठल्या कलमाखाली?"

साळूला कलम आठवलं नाही. तिला रडू फुटलं.

तेव्हा अस्वल उठलं. "कलम शहाऐंशी, सर," काका म्हणाले. "आपल्या मर्जीने. इथे बसून पाठ झालंय." आणि साळूच्या मागोमाग ते वॉर्डात गेले. अर्जावर त्यांनी स्वतः पंजा उठवला.

अस्वल वाचलं, मुलांनो. दीड महिन्याने त्यांनी आपणहून मध मागितला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद साळूला झाला. मलाही झाला, खोटं कशाला सांगू?

खारीला सुवर्णपदक मिळालं. साळू नापास झाली. तिच्या कागदावर शेरा होता, 'शेवटचे चार प्रश्न विचारले नाहीत. पेशंटशी बोलत बसली.' कॉलेजने फळ्यावर सूचना लावली, 'यापुढे परीक्षेच्या दिवशी पेशंटने खरोखर आजारी असू नये.'

साळू आता बहिणीशेजारी बसते. संध्याकाळी जांभळीखाली केसूकाका तिची उजळणी घेतात. अकराव्या प्रश्नापर्यंत ती बरोबर येते आणि तिथेच थांबते.

तात्पर्य: विद्यार्थ्याचं पाठांतर पक्कं हवं. साळूला बारावा प्रश्न आठवला असता, तर ती पास झाली असती आणि पुढच्या परीक्षेला कॉलेजने दुसरं अस्वल शोधलं असतं.