चंपाक्काचा वाघ

संक्रांतीची कर. रक्कम : एक फुली. हजर : चंपाक्का, मागावर बसलेले तिचे यजमान आप्पा, मी, आणि एका वाघाची शेपटी.

बेळगावच्या शहापुरातल्या कापडाच्या पेढीवर मी जमाखर्च लिहितो. त्यामुळे काहीही सांगायला बसलो की आधी दिवस, मग रक्कम, मग कोण हजर होतं ते, असाच हात वळतो. विणकरांच्या आळीत आम्ही नुकतंच बिऱ्हाड मांडलं होतं. माळ्यावर ट्रंका चढवायला शिडी हवी होती, म्हणून शेजारच्या उंबऱ्यावर उभा राहून मी म्हटलं, "शिडी मिळेल काय?"

आतल्या बाईने मान वर न करता सुई पुढे केली.

"बस. आदी एक फुली घाल, मग काय मागायचं ते माग."

मला वाटलं, ऐकायला कमी येत असेल. मी मोठ्याने पुन्हा "शिडी" म्हणालो. मागाचा खडखडाट थांबला आणि आप्पांचा आवाज आला, "घाला पावणं, घाला. मी लगीन झाल्यापासनं घालतोय."

ही चंपाक्काची नि माझी पहिली भेट. तिच्या मांडीवर जाळीचं कापड होतं आणि त्यावर दोऱ्याच्या फुल्यांनी एक वाघ भरणं चाललं होतं. आमच्या भागात कसुती काढणाऱ्या बायका या टाक्याला मेंथी म्हणतात, कारण फुली लहान असली की मेथीच्या दाण्यासारखी दिसते. काम सोपं. दोऱ्याचा एक पाय तिरपा टाकायचा, दुसरा त्याच्यावरून उलट तिरपा. नियम एवढाच की वरचा पाय सगळ्या कापडभर एकाच दिशेला कलला पाहिजे. जन्मात बटण लावण्यापलीकडे सुई न धरलेल्या मी घाम पुसत एक फुली घातली. चंपाक्काने कापड उजेडाकडे धरलं.

"उलटी पडली की रं."

"उसवू का?"

"कशाला? ऱ्हाऊ दे. ती तुझी."

आणि शिडी मिळाली.

तिच्या घरी हा कर सगळ्यांना होता. दूधवाला, पोस्टमन, भांड्याला कल्हई लावणारा, कुणीही येवो, एक फुली घातल्याशिवाय त्याचं बोलणं चंपाक्काच्या कानात शिरत नसे. एकदा गटारीच्या पाण्यावरून हमरीतुमरीवर आलेले दोन शेजारी न्याय मागायला तिच्याकडे आले. तिने एकाच्या हातात सुई दिली, दुसऱ्याच्या हातात दोरा. सुईवाल्याला नेढं दिसेना. दुसरा थोडा वेळ बघत राहिला आणि शेवटी, "आण हिकडं, आंधळ्या," म्हणून त्याने ओवून दिला. दोघांनी दोन फुल्या घातल्या, पान खाल्लं आणि गेले. गटार अजून तसंच वाहतं.

कित्येक वर्षांनंतरही तिला कापडावर बोट ठेवून सांगता यायचं. "ही पोस्टमनची. बघ, एक पाय आखूड. सदा घाईत. ही कल्हईवाल्याची, लई ताणलिया. आणि ही तुझी. समद्या वाघात हीच एकटी उलटी निजलिया."

वाघ शेपटीकडून पुढे येत होता. असलं काम लोक कापडाच्या मधोमध सुरू करतात, म्हणजे नमुना चुकत नाही. मी एकदा हे सुचवून पाहिलं.

"मधनं सुरू केलं की दोन्हीकडं पळतंय," ती म्हणाली. "शेपटीकडनं गेलं की तोंड दिसंपतूर माणूस येत ऱ्हातंय."

या घरात वाघासाठी वेगळा वेळ असा नव्हताच. आप्पांच्या मागावरच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, पाणी आणायचं, भात टाकायचा, शेजारची आजारी सून बघून यायची. यातून उरलेल्या फटींत वाघ बसायचा. चुलीवर दूध ठेवलं की ते वर येईपर्यंत पट्ट्यातल्या चार फुल्या. आप्पांचा ताणा तुटला आणि ते सांधायला बसले की पोटातली निम्मी ओळ. दोनदा दूध उतू गेलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "एवढं दूध खऱ्या वाघानंबी प्यालं नसतं." कुणी विचारलं, कुठवर आलाय, तर तिचं उत्तर ठरलेलं : "चाललाय की. वाघ काय पळत असतोय काय?"

चंपाक्काला मूलबाळ नव्हतं. हे वाक्य त्या घरात कुणी बोलत नसे. आमची इंदू मात्र तेव्हा पाच वर्षांची होती आणि बिऱ्हाड मांडल्यापासून आठवड्याच्या आत तिने आपलं जेवणाचं ताट तिकडे हलवलं. पाटी-पेन्सिल तिकडे, वेणीफणी तिकडे. आमच्याकडे ती निजायला येत असे, तेही बोलावल्यावर. वाघाच्या पोटाचा सगळा पांढरा भाग इंदूचा आहे. त्या फुल्या इतक्या सारख्या आहेत की माझ्या खतावणीतली अक्षरंही तशी नसतील.

पुढे दहा-बारा वर्षांनी लढाई आली. पिवळ्या दोऱ्याच्या लडी दुकानातून नाहीशा झाल्या तेव्हा वाघ खांद्यापर्यंत आला होता. चंपाक्का महिनाभर दुकानं हिंडली. शेवटी आप्पांनी मागाचं उरलेलं पांढरं सूत हळदीच्या पाण्यात बुडवून वाळत घातलं. म्हणून आमचा वाघ खांद्यामागे विलायती पिवळा आणि खांद्यापुढे घरचा पिवळा आहे. आळीतली पोरं ओरडली, "वाघाला हळद लागली." त्याच वर्षी इंदूला लागायची होती.

स्थळ निपाणीचं. तंबाखूची वखार, खाऊनपिऊन सुखी, मुलगा शांत. अडचण एकच. सुपारी फोडताना विहीणबाई पहिल्याच दमात म्हणाल्या, "आमच्यात सुना फारशा हलवत नाहीत. पहिली पंचमी माहेरी. मग बाळंतपणाला." थोरली सून तशीच राहिली आहे, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं. निपाणी काही लांब नाही, सकाळच्या सर्व्हिस मोटारीने दुपारच्या आत पोचतं माणूस. पण बोलणी पुरी झाली होती. मी मान डोलावली. आमच्या घरात त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चंपाक्काला सांगायला गेलो. तिने सवयीने सुई पुढे केली, मी सवयीने फुली घातली, मग सांगितलं. तिने माझ्या फुलीचा दोरा दाताने तोडला. मग विचारलं, "विहीणबाई शकुन-अपशकुन बघत्यात काय रं?"

"बघतात म्हणजे! सुपारीला येताना मांजर आडवं गेलं म्हणून गाडी चौकात थांबवून ठेवली होती. समोरून भरली घागर आली तेव्हा पुढे निघाल्या."

"बरं," ती म्हणाली आणि दोरा ओवला.

वाघ इंदूच्या लग्नात द्यायचा हे तिने केव्हाच ठरवलं होतं. पण तोंड निम्मं बाकी होतं. मी उरलेल्या चौकोनांचा हिशेब काढला, त्याला दिवसांनी भागलं आणि आळीत कामं वाटून दिली. नाक आमच्या घराकडे, मिशा पोस्टमनकडे. आयुष्यात पहिल्यांदा वाघ पळायला लागला. चंपाक्का कुणाला नाही म्हणाली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी चौकट करणारा सुतार आला तेव्हा वाघ पुरा झाला होता. फक्त उजवा डोळा नव्हता. नऊ चौकोनांची कोरी जागा.

"आक्का, दहा मिनिटांचं काम आहे. मी घालतो."

"तुझी उलटी पडतिया. वाघ तिरळा व्हईल."

"मग इंदू घालेल."

"लग्नाच्या पोरीला आज सुई देऊ नये. आणि सुताराला सांग, काच लावायची न्हाई. नुसती चौकट."

मला उघडी बाकी सहन होत नाही. त्या एका डोळ्यापायी मी मांडवात चार माणसांना दोनदा विडा दिला.

पाठवणीच्या वेळी चंपाक्का पदर सारखा करून विहीणबाईंपुढे गेली. "बाई, हे पोरीला. एक डोळा ऱ्हायलाय. जनावर काणं ठेवू नये म्हणत्यात, ते तुमास्नी माझ्यापरीस जास्त ठावं. पर आमच्या घरची रीत अशी हाय, डोळा घालायचा तो हिनंच, आन् माझ्या उंबऱ्यावर बसून. दुसरीकडं घातला तर लागत न्हाई."

असली रीत त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. आप्पांनीही ऐकली नसावी. ते वर मांडवाच्या झालरीकडे बघत होते.

वाघ निपाणीला वखारीच्या पुढच्या खोलीत लागला. येणारा प्रत्येक व्यापारी विचारी, "वाघ काणा कसा?" विहीणबाईंना ते वर्मी लागे. पहिल्या पंचमीला इंदू आली ती पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून, मांडीवर धोतरात गुंडाळलेला वाघ घेऊन, तोंड काजळीने काळं. माझ्या घरासमोरून ती सरळ चंपाक्काच्या उंबऱ्यावर गेली. चंपाक्काने काळा दोरा ओवून दिला. इंदूने एक फुली घातली. चंपाक्काने दोरा तोडला.

"झालं."

"आक्का, अजून आठ आहेत की."

"एका खेपेला एक. वाघ काय पळत असतोय काय?"

दिवाळीला इंदू पुन्हा आली. विहीणबाईंनीच धाडली. एक फुली भरलेला डोळा म्हणे कोऱ्या डोळ्यापेक्षा वाईट, बघणाऱ्याला डोळ्यात कुसळ गेल्यासारखं वाटतं. मग पुढची पंचमी, मग पुढची दिवाळी. धाकटी जाते तर थोरलीला कसं अडवायचं, म्हणून त्यांची थोरली सूनही एका बारशाला माहेरी जाऊन आली. मी हिशेब घातला आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की नऊ चौकोन म्हणजे किती खेपा होतात.

एकदा दुपारी मी हे तिच्यापुढे काढलं. ती कांड्या भरत होती. रहाट थांबला नाही.

"आक्का, हे तू मुद्दाम ठेवलंस."

"मग?"

"तुला सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात. माझ्या माहेरात अर्धं काय ठेवलंच न्हवतं रं. गुंजीला. लुगडी, भांडी, समदं पुरं करून दिलं आन् गाडीत बसिवलं. पलेगात घरबी गेलं. मागं जायाला निमित्तच न्हाई उरलं." तिने कांडी बदलली. "गुंजीच्या ठेसनावर गाडी थांबती जराशी. एकदा गोव्याकडं जाताना खिडकीतनं बघितलं. चिंच होती तशीच हाय."

 सुई तिच्या पदराला टोचलेली होती. ती मागून घेऊन मी एक फुली घातली. वाघ निपाणीला होता, म्हणून तिच्या जुन्या पिशवीवर.

लढाई संपली. त्यानंतरच्या पंचमीला मोटारीतून इंदू उतरली, कडेवर नातू, आणि मागोमाग वाघ हातात घेतलेल्या विहीणबाई. आठ चौकोन भरले होते. शेवटचा राहिला होता, डोळ्याच्या बरोबर मधला. आमच्या घरात पाऊल न टाकता त्या तरातरा चंपाक्काच्या दाराशी गेल्या. मी मागे, इंदू माझ्या मागे. आप्पांनी धोटा हातातच धरला.

"चंपाबाई, ह्या डोळ्याचा आज निकाल लागला पाहिजे."

चंपाक्काने सुई पुढे केली. "बसा. आदी एक फुली घाला, मग बोला."

 चौकोन एकच होता. तो भरला की वाघ डोळस होणार होता, चौकट निपाणीच्या भिंतीवर कायमची चढणार होती, आणि इंदूला काय म्हणून आणायचं? इंदूने माझ्याकडे पाहिलं आणि नातवाचं टोपरं नीट करायला लागली. चंपाक्काचा हात पुढेच होता. तिलाही हे ठाऊक होतं, पण स्वतःच्या घरचा नियम तिला मोडता येईना.

विहीणबाई बसल्या. वाघ मांडीवर आडवा घेऊन त्या पहिल्यांदाच जवळून बघत होत्या. "ही एक उलटी का?"

"ती ह्येंची," चंपाक्का माझ्याकडे मान करून म्हणाली. "शिडी मागाय आलते."

"आणि ह्या आखूड पायाच्या?"

"पोस्टमनच्या."

सगळ्या वाघावरून त्यांचं बोट फिरून आलं. मग सुई उचलत त्या कुणाला म्हणून नाही, सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "येताना वाट वाकडी करून सांबऱ्याला जाऊन आले घटकाभर. माझं माहेर ते. बेळगावला यायचं निघालं म्हणून जाणं झालं, नाही तर बारा वर्षं झाली असतील. वहिनीनं ओळखलंच नाही आधी."

 त्यांनी सुई खालून वर काढली, तिरपा पाय टाकला, दोरा ओढून घेतला. मग थांबल्या. चंपाक्काच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काय दिसलं मला ठाऊक नाही, मी त्यांच्या पाठीमागे होतो. त्यांनी सुई पुन्हा कापडात घातली नाही. दोरा दाताने तोडला.

"दोरा पुरला नाही वाटतं," त्या म्हणाल्या. रीळ शेजारीच होतं, भरलेलं. "राहू दे. दुसरा पाय पुढच्या पंचमीला इंदू घालील."

"व्हय," चंपाक्का म्हणाली. भरलेलं रीळ तिने उचलून डब्यात टाकलं. "व्हय. चहा टाकते."

दूध उतू गेलं. आप्पा काही बोलले नाहीत.

मी हिशेबाचा माणूस, म्हणून शेवटी लिहून ठेवतो. त्या पंचमीला दिलेली रक्कम : अर्धी फुली. देणार : निपाणीच्या विहीणबाई. घेणार : चंपाक्का. बाकी अर्धी, ती मी पुढे ओढली आहे.